सगळेच वयाच्या नावावर लिहू नका



भाताची कापणी आटोपली. झोडणी उरकली. आता जरा बसायला वेळ मिळतो आणि बसले की उठताना गुडघे बोलू लागतात. सकाळच्या थंडीत कंबर धरते. मग ओट्यावरून हमखास एक वाक्य ऐकू येते, "आता काय, वय झालं!"

आज याच वाक्याविषयी बोलायचे आहे. बियाणे, खते, औषधे यांविषयी आपण नेहमी बोलतो. पण ज्या देहाने आपण शेती करतो, त्या देहाचा हिशोब आपण क्वचितच मांडतो. आणि मांडला तरी चुकीचा मांडतो. तो कसा, ते आधी माझ्यावरूनच सांगतो.

गोष्ट याच भाद्रपदातली. शिरगावची. शिरगाव हे एके काळी बदलापूरजवळचे शेतकऱ्यांचे गाव. आता ते शहराच्या पोटात गेले आहे. जिथे खाचरे होती तिथे इमारती उभ्या राहिल्या. तरीही कडेला कोणाची दोन, कोणाची चार खाचरे उरली आहेत. अशाच एका खाचरात भातावर तपकिरी तुडतुडे दिसले म्हणून एका मावशींनी मला बोलावले. मावशी सत्तरीच्या. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. मी पोचलो तेव्हा पंप, पाणी, औषधाची बाटली, सारे बांधावर तयार होते.

मी बाटली हातात घेतली. मात्रा वाचायची होती. अक्षरे मुंगीएवढी. बाटली जवळ धरली, लांब धरली, उन्हाकडे धरली. शेवटी सांगितले, "मावशी, दहा लिटर पाण्याला पंचवीस मिली."

मावशींनी मापाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सायेब, गेल्या साली अर्धं टोपणसुदा नव्हतं टाकलं. आज एवढं कसं?"

त्यांची नात सहावीत शिकते. तिने बाटली घेतली आणि एका दमात वाचले, "अडीच मिली."

दोन आणि पाच यांच्यामधला टिंब मला दिसला नव्हता. मी दहापट औषध सांगत होतो. ते फवारले असते तर तुडतुडे खाणारे कोळी मेले असते, खाचरातले मासे-खेकडे गेले असते आणि पाठीवर पंप घेणाऱ्या त्यांच्या मुलाचे काय झाले असते, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

आता लाजेची गोष्ट सांगतो. मला चाळिशी लागून बरीच वर्षे झाली. चष्मा करूनही घेतला होता. तो घरी टेबलाच्या खणात होता. का? तर चष्मा लावून बांधावर उभा राहिलो की लोक म्हणतील, "साहेब म्हातारे झाले." एवढ्याच कारणासाठी एक कृषी पदवीधर, पन्नाशी ओलांडलेला माणूस, दुसऱ्याच्या शेतात आंधळेपणाने मात्रा सांगत होता. ज्यांना वाचता येत नाही त्या सत्तरीच्या मावशींच्या आठवणीने त्या दिवशी सगळ्यांना वाचवले.

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग कडक होऊ लागते. जवळचे पाहण्यासाठी ते जेवढे फुगायला हवे तेवढे फुगत नाही. हे सर्वांचेच होते, राजाचेही आणि रंकाचेही. त्यात लाज कसली? आपल्या भाषेने तर त्या चष्म्याचे नावच 'चाळिशी' ठेवले आहे! पूर्वजांनी नाव ठेवून मोकळीक दिली आणि आम्ही मात्र तो खणात लपवला.

ही झाली पहिली चूक. वय झाले हे न मानण्याची.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट आहे. तीही माझ्याच घरात घडली.

माझे वडील पासष्टीपर्यंत खळ्यावर उभे असत. मग हळूहळू त्यांनी शेतावर येणे सोडले. रस्त्यात कोणी रामराम केला तर ओळख देईनात. लोक म्हणू लागले, पोराला सरकारी नोकरी लागली, म्हातारा गर्वाने फुगला. घरात भाजी सांडली तर आम्ही म्हणायचो, "वय झालं, हात थरथरतो." बोलणे कमी झाले तर म्हणायचो, "वय झालं, असंच होणार." मी पिकाचे पान पाहून कोणता रोग ते सांगणारा माणूस, बापाच्या डोळ्यांत कधी नीट पाहिले नाही. दोन वर्षांनी एका मोफत नेत्रशिबिरात त्यांना नेले, तेही शेजारी जात होते म्हणून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर ते घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "भिंत एवढी मळलीय, कोणी सांगितलं नाही ते?" आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सूप मागितले आणि पाखडायला बसले. हात मुळीच थरथरत नव्हते. भाजी सांडत होती ती वाटी दिसत नव्हती म्हणून.

त्यानंतर ते सहा वर्षे होते आणि चांगले होते. पण ती दोन वर्षे आम्ही वयाच्या नावावर लिहून घालवली. ती परत आणता येत नाहीत.

म्हणून मंडळी, सांगायचे ते एवढेच. वयाचे खाते उघडा, पण त्यात वयाचेच लिहा. रोगाचे लिहू नका, आळसाचे लिहू नका, आणि घरच्यांच्या दुर्लक्षाचेही लिहू नका.

वयाचे खरे खाते

वय काही गोष्टी नेतेच. केस पिकतात, कातडी सैल होते. जवळचे दिसणे कमी होते. झोप हलकी होते आणि पहाटे लवकर जाग येते. तहान कमी लागते, म्हणून उन्हात काम करणाऱ्या वयस्कर माणसाने तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे. उंची थोडी घटते. बायकांची पाळी गेली की हाडे पूर्वीपेक्षा लवकर विरळ होऊ लागतात, म्हणून साध्या घसरण्यानेही मनगट किंवा खुबा मोडतो.

कानाचे एक सांगण्यासारखे आहे. वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात आणि जाड आवाज त्यानंतर. त्यामुळे सासऱ्याला शेजारच्या पाटलाचे बोलणे ऐकू येते, पण सुनेचे आणि नातवाचे येत नाही. सून म्हणते, "मुद्दाम ऐकत नाहीत." सासरा म्हणतो, "मुद्दाम हळू बोलते." भांडण होते, आणि दोघांचीही चूक नसते. समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोलले की निम्मे भांडण मिटते. उरलेल्यासाठी कान तपासून घ्यावा. कधी कधी नुसता मळच निघतो!

वयाचे नसलेले खाते

आता दुसऱ्या बाजूला पाहा. सारखी लघवी, खूप तहान आणि न भरणारी जखम हे वय नव्हे, मधुमेह असू शकतो. चार पावलांत दम लागणे, पायावर सूज, कारण नसताना वजन घटणे हे वय नव्हे. तंबाखू-मिश्रीच्या तोंडात पांढरा चट्टा किंवा बरी न होणारी जखम हे वय नव्हे. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे हे तर मुळीच वय नव्हे. लाज बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा. नाव विसरले, मग आठवले, हे चालते. पण नेहमीच्या वाटेवर माणूस चुकू लागला तर डॉक्टरांना दाखवावे. आणि अचानक तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर अंगारा-धुपारा करत बसू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. तेथे घटकेघटकेला किंमत आहे.

मोतीबिंदूचे तर आता काहीच अवघड राहिलेले नाही. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालीच सुरू झाला. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. जायला-यायला पैसे नाहीत असेही म्हणू नका. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला आहे.

जुने कलम तोडू नका

आमच्याकडे आंबेवाले शेतकरी येतात. म्हणतात, "साहेब, कलमं म्हातारी झाली, धरत नाहीत. तोडून टाकू का?" जाऊन पाहावे तर झाड चांगले धट्टेकट्टे असते. उंच वाढलेले असते, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, पोटात ऊन शिरत नाही, शेंड्याला चार आंबे लागतात आणि ते काढायला कोणी चढत नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने अशा बागांसाठी पुनरुज्जीवनाची पद्धत दिली आहे. पाऊस सरल्यावर मधली उंच वाढ छाटायची, पोटात ऊन सोडायचे, कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावायची, खोडकिडीवर नजर ठेवायची, खत-पाणी करायचे. दोन-तीन वर्षांत झाड पुन्हा धरते. ते वीस वर्षांचे होत नाही. पण फळ हाताच्या टप्प्यात येते.

माणसाचेही असेच आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात हे खरे. साठीनंतर ते जास्त वेगाने कमी होतात हेही खरे. पण त्यात वयाचा वाटा किती आणि नुसत्या बसण्याचा किती? अमेरिकेत १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने अडीचपटीहून जास्त झाली. नव्वदीत! मग साठीतल्या माणसाने "आता माझ्याच्याने काय होणार" असे म्हणावे का?

मनाचेही तसेच. त्याच देशातल्या ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचे एक छोटे शहर आहे. तेथल्या पन्नाशीपुढच्या ६६० माणसांना विचारले होते, की तुम्हाला स्वतःच्या म्हातारपणाविषयी काय वाटते. पुढे वीसएक वर्षे त्यांची नोंद ठेवली. २००२ साली निष्कर्ष छापून आला. ज्यांचा विचार चांगला होता ती माणसे, बाकीच्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे जास्त जगली. नुसत्या चांगल्या विचाराने आयुष्य वाढते असे मी म्हणणार नाही. पण ज्याला पुढची वर्षे कामाची वाटतात तो औषध वेळेवर घेतो, चालायला जातो, चार माणसांत बसतो. ज्याला वाटते सगळे संपले, तो खाटेवर पडून राहतो. पीक येईल असे वाटणाराच शेतकरी बांध घालतो.

फांगणे गावच्या आज्या

इतक्या लांब जायला नको. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कानावर गावातल्या आज्यांची एक खंत आली. आम्हाला पोथी वाचता आली असती तर! बांगर गुरुजींनी ती हसण्यावारी नेली नाही. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या. गणवेश म्हणून गुलाबी लुगडे. हातात पाटी-दप्तर. वेळ दुपारची, घरचे काम आटोपल्यावर. शिकवायला गावातलीच एक सून, आणि तिच्या वर्गात बसायला तिची सासूही!

विचार करा. यातल्या कितीजणींना कमी दिसत असेल, कितीजणींचे गुडघे दुखत असतील, कितीजणींना काल शिकलेले आज आठवत नसेल. तरीही अंगठा उठवणारा हात सही करू लागला. त्यांचे गुडघे बरे झाले असे नाही. पण दुपार झाली की गुडघ्यापेक्षा मोठे काहीतरी त्यांची वाट पाहत असे. मला वाटते, चांगले म्हातारपण म्हणजे एवढेच. कोणीतरी, काहीतरी आपली वाट पाहते आहे असे वाटणे.

घरी काय कराल?

सोप्या चार गोष्टी सांगतो. गुडघा किंवा पाठ फार दुखत असेल, हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

खाटेच्या कडेवर बसा आणि हाताचा आधार न घेता उठा. पुन्हा बसा, पुन्हा उठा. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहण्याची सवय करा. तोल राहिला तर पडणे टळते. रोज चाला.

घरात पडण्याच्या जागा शोधा. मोरीतले शेवाळ घासून काढा. संडासात धरायला दांडी बसवा. रात्री उठायच्या वाटेवर दिवा ठेवा. उंबऱ्याजवळची घडी पडलेली गोणपाटे उचला.

म्हाताऱ्या माणसाला पेज पुरे, हा समज सोडा. स्नायू टिकवायला डाळ, वाल, मूग, अंडे, मासे, सुकट लागते. हाडांना नाचणी चांगली. दात नसतील तर वाल मऊ शिजवा, पण वगळू नका. आणि तंबाखू-मिश्री सोडायला कोणतेही वय उशिराचे नाही.

कामाची वाटणी बदला. वाकून लावणी करणे जमत नसेल तर बियाण्याची निवड तुमच्याकडे घ्या. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात टाकायचे, तरंगणारे पोल काढायचे, तळाचे दोनदा स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत वाळवायचे. हे काम घाईच्या तरुण हातांपेक्षा सावकाश हात चांगले करतात. आंब्यावर चढू नका. खालून 'नूतन झेला' चालवा. कापणीला दातेरी 'वैभव विळा' घ्या, त्याला जोर कमी लागतो. अवजार वापरणे म्हणजे हार मानणे नव्हे. चष्मा हेही अवजारच आहे, हे मी उशिरा शिकलो.

घरातल्या तरुण मंडळींना एक सांगणे. आई-बापांना काम करू न देणे म्हणजे सुख देणे, असे समजू नका. "तुम्ही बसा, तुम्हाला जमायचं नाही," असे दिवसातून दहा वेळा ऐकले की माणूस खरोखरच बसतो. त्यापेक्षा त्यांना विचारा. कोणत्या खाचरात पाणी आधी साचते, कोणत्या साली तुडतुडा कधी आला होता, औषध किती टाकले होते, हे त्यांना ठाऊक असते. शिरगावच्या मावशींनी ते लक्षात ठेवले नसते तर? आणि वर्षातून एकदा त्यांचे डोळे, कान, दात, रक्तदाब, साखर तपासून आणा. बैलजोडीचा खुराक आणि खूर आपण पाहतोच की.

आमच्या भागातली जुनी माणसे सांगतात, येथे पूर्वी लांबच्या प्रवासातले घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. खरे-खोटे इतिहासकार जाणोत. पण त्यातली एक गोष्ट मला आवडते. घोडा थकला म्हणून प्रवास कोणी सोडत नसे. घोडा बदलत आणि वाट तीच धरत. आपल्याला देह बदलता येत नाही. चाल बदलता येते, अवजार बदलता येते, कामाची वाटणी बदलता येते. वाट तीच ठेवावी.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या मावशींकडे गेलो. भात बरे उतरले होते. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. मावशींनी पाहिले आणि म्हणाल्या, "आता सायेब शोभता!" मग आत गेल्या, सुपात नवे तांदूळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बघा, खडा सापडतो का." मी बराच वेळ पाहिले. मला एकही सापडला नाही.

त्यांना दोन सापडले. त्यांनीही मोतीबिंदू काढून घेतला आहे, बरे का!

पुढच्या आठवड्यात भातानंतरच्या ओलीवर वाल आणि हरभरा कसा घ्यावा, ते पाहू. तोवर रामराम.